नव्या यरुशलेमेचा अर्थनिर्णय

नव्या करारातील 'प्रकटीकरण' या अखेरच्या ग्रंथाच्या शेवटल्या दोन अध्यायांत योहान नावाच्या द्रष्ट्याने एका नगरीचे जे दर्शन नमूद करून ठेवले आहे, त्याचा अर्थ कसा लावावा याविषयी ख्रिस्ती भाष्यकारांत दुसऱ्या शतकापासून आजतागायत एकमत झालेले नाही. आणि ज्या प्रश्नापायी ओरिगेन व ऑगस्टिन यांच्यासारख्या प्रज्ञावंतांनी लेखणी झिजविली, ज्याच्या एका चुकीच्या उत्तरापायी सोळाव्या शतकात एक अख्खे शहर वेढ्यात उपासमारीला लागून रक्तात बुडाले, तो प्रश्न केवळ पंथाभिमान्यांच्या वादाचा म्हणून बाजूस सारणे कोणाही विचारी वाचकास शोभणारे नाही.

दर्शनाचा तपशील असा. पहिले आकाश व पहिली पृथ्वी नाहीशी झाली आहेत, समुद्रही उरलेला नाही, आणि वरासाठी शृंगारलेल्या वधूप्रमाणे नवी यरुशलेम स्वर्गातून खाली उतरत आहे. एक देवदूत द्रष्ट्याला उंच पर्वतावर नेऊन हातातील सोन्याच्या काठीने तिची मोजणी करतो. नगरी चौरस असून तिची लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी बारा हजार स्तादिया भरते. तटाचे माप एकशे चव्वेचाळीस हात निघते. बारा वेशींवर इस्राएलाच्या बारा वंशांची नावे आहेत, बारा पायांवर बारा प्रेषितांची. पाये यास्फे, नीळ, पाचू, गोमेद, वैडूर्य, पुष्कराज अशा बारा रत्नांचे. प्रत्येक वेस एकेका मोत्याची. रस्ता काचेसारख्या पारदर्शक सोन्याचा. नगरीत मंदिर नाही, सूर्यचंद्रांचे प्रयोजन नाही, रात्र नाही, आणि वेशी कधी लागत नाहीत. सिंहासनापासून जीवनाच्या पाण्याची नदी वाहते व तिच्या काठी जीवनाचे झाड दर महिन्यास फळ देते. त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत.

हे दर्शन ज्यांना उद्देशून लिहिले गेले त्यांची स्थिती ध्यानात घेतल्यावाचून पुढे जाणे धोक्याचे आहे. योहान पात्म नावाच्या लहानशा बेटावर होता आणि त्याचे वाचक समोरच्या मुख्य भूमीवर, रोमी साम्राज्याच्या आशिया प्रांतातील सात शहरांच्या मंडळ्यांत होते. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक इरेनेयस याची साक्ष ग्राह्य मानली तर हा काळ बादशहा दोमितियन याच्या कारकीर्दीच्या अखेरचा, म्हणजे इ.स. ९५ च्या सुमाराचा ठरतो. काही अभ्यासक तो नीरोच्या काळापर्यंत मागे नेतात, परंतु बहुमत पहिल्या पक्षाकडे आहे. त्या हिशेबाने पाहता, रोमी सेनापती तितस याच्या फौजेने इ.स. ७० मध्ये जुनी यरुशलेम व तिचे मंदिर जमीनदोस्त करून तेव्हा पाव शतक लोटले होते. याच सुमारास रचल्या गेलेल्या यहुदी ग्रंथांतही हाच शोक व हीच आशा उमटली आहे: चौथ्या एज्रात पुत्रशोकाने आक्रोश करणारी स्त्री द्रष्ट्याच्या डोळ्यांदेखत एका नगरीत पालटते, आणि दुसऱ्या बारूखात खरी नगरी देवाने आदिकाळीच सिद्ध करून आपल्याजवळ राखून ठेवल्याचे सांगितले आहे. त्याहूनही जुना असा एक अरामी लेख कुमरानच्या गुहांतून तुकड्यातुकड्यांनी हाती आला असून त्यातही कोणी दिव्य मार्गदर्शक भावी नगरीचे रस्ते व घरे मोजून दाखवितो. मोजणीचा हा प्रकार त्या काळच्या वाचकाला परिचित होता, एवढे यावरून निश्चित होते.

सात शहरांपैकी फिलदेल्फिया हे एक जवळून पाहण्यासारखे आहे. इ.स. १७ च्या भूकंपात त्या मुलुखातील अनेक शहरे उद्ध्वस्त झाली. फिलदेल्फियाच्या भिंतींना नित्य तडे जात आणि म्हणून बहुतेक रहिवासी शहराबाहेर शेतांतच राहत, असे भूगोलकार स्त्राबो याने लिहून ठेवले आहे. अशा गावच्या मंडळीला पाठविलेल्या पत्रातच नव्या यरुशलेमेचे नाव या ग्रंथात प्रथम येते, आणि तेथे विजयी ठरणाऱ्यास असे अभिवचन दिले आहे की तो देवाच्या मंदिरातील स्तंभ होईल व पुन्हा कधी बाहेर जाणार नाही. हादऱ्याच्या भीतीने वारंवार घराबाहेर पळणाऱ्या लोकांना या वचनाचा अर्थ कोणा भाष्यकाराने समजावून देण्याची गरज पडली नसेल. परंतु या ठिकाणी अर्थनिर्णयाचे एक महत्त्वाचे सूत्रही हाती लागते: तिसऱ्या अध्यायात मंदिरातील स्तंभ होण्याचे वचन देणारा तोच ग्रंथ एकविसाव्या अध्यायात त्या नगरीत मंदिरच नाही असे सांगतो. ज्या लेखकाला ही दोन विधाने एकत्र नांदविण्यात अडचण वाटली नाही, तो आपल्या हाती स्थापत्याचा नकाशा देत नाही हे उघड आहे.

तथापि आरंभीच्या अनेक ख्रिस्ती लेखकांनी नगरी अक्षरशःच घेतली. जस्टिन मार्टर व इरेनेयस यांनी पुनर्रचित यरुशलेमेत संतांचे सहस्र वर्षांचे राज्य होईल अशी अपेक्षा व्यक्त केली. तेर्तुलियन तर असे नमूद करतो की रोमी फौजेच्या पूर्वेकडील मोहिमेच्या वेळी यहुदिया प्रांतात चाळीस दिवसपर्यंत दररोज सकाळी आकाशात एक तटबंद नगरी लोंबकळताना दिसे व दिवस वर येताच विरून जाई. मोंतानस नावाच्या संदेष्ट्याच्या अनुयायांनी नगरीच्या अवतरणाची जागाही मुक्रर केली: फ्रुगिया प्रांतातील पेपुझा हे खेडे. या मतांकडे तुच्छतेने पाहणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्या मुळाशी एक सार्थ आग्रह होता. ज्या पृथ्वीवर संतांचा छळ झाला त्याच पृथ्वीवर त्यांना न्याय मिळाला पाहिजे, हा इरेनेयसाचा मुद्दा त्याची गणिते टाकून दिली तरी टाकून देण्यासारखा नाही.

या पक्षावर पहिला मोठा प्रहार अलेक्झांड्रियाच्या विद्यापरंपरेने केला. भावी सुखाची कल्पना रत्नजडित तटांत आणि खाण्यापिण्यात करणाऱ्यांना ओरिगेनाने बाळबोध ठरविले व दर्शनाचा रोख आत्म्याच्या ज्ञानवृद्धीकडे वळविला. त्याचा शिष्य दियोनिसियस याचे वर्तन मला विशेष आदरणीय वाटते. नेपोस नावाच्या बिशपच्या ग्रंथामुळे मिसरातील आर्सिनोए परगण्यात पार्थिव राज्याची आशा फार बळावली असता दियोनिसियस स्वतः तेथे गेला, गावोगावचे वडीलधारे व शिक्षक यांना त्याने एकत्र बोलाविले, आणि तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून तो ग्रंथ त्यांच्यासमवेत तपासला. नेपोस तोवर दिवंगत झाला होता व त्याच्याविषयी दियोनिसियसाने आदरच व्यक्त केला. भाषा व शैली यांच्या परीक्षणावरून प्रकटीकरणाचा कर्ता व चौथ्या शुभवर्तमानाचा कर्ता एक नव्हेत, असा निष्कर्ष याच पुरुषाने तिसऱ्या शतकात काढला. ग्रीक ख्रिस्ती मंडळीत हा ग्रंथ पुढे प्रमाण मानला गेला खरा, तरी उपासनेतील नियत वाचनांत त्याला स्थान मिळाले नाही ते नाहीच.

पश्चिमेकडे निर्णायक मत ठरले ते ऑगस्टिनाचे. उत्तर आफ्रिकेतील तिकोनियस याने प्रकटीकरण हे भविष्याचे पंचांग नसून प्रत्येक काळातील मंडळीच्या अंतर्बाह्य संघर्षाचे चित्र आहे अशी वाचनपद्धती घालून दिली होती. पंथभेद असूनही ऑगस्टिनाने तिचा लाभ घेतला. इ.स. ४१० मध्ये रोम लुटले गेल्यावर त्याने ४१३ ते ४२६ या काळात 'देवनगरी' हा प्रचंड ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या विसाव्या भागात असे प्रतिपादिले की ही नगरी आरंभापासूनच स्वर्गातून उतरत आली आहे, कारण तिचे नागरिक ज्या कृपेने वाढतात ती वरून येते. मात्र तिचे संपूर्ण तेज अंतिम न्यायानंतरच प्रकट व्हावयाचे आहे. या एका वाक्यरचनेने त्याने वर्तमान व भविष्य दोन्ही सांभाळले. पुढील हजार वर्षांच्या लॅटिन भाष्यांनी मात्र या समतोलापैकी बहुधा पहिलाच अर्धा भाग उचलला व नगरी म्हणजे प्रस्थापित चर्च असे सोपे समीकरण रूढ केले. बारा रत्नांच्या रंगांवरून बारा सद्गुण काढण्याचा उद्योगही बीडसारख्या विद्वानांनी भक्तिपूर्वक केला, परंतु त्यात मूळ दर्शनावर पडणारा प्रकाश थोडा आहे.

भाष्यकारांपेक्षा चित्रकारांनी कधी कधी अधिक नेमके वाचन केले. रोममधील सांता प्रासेदे या चर्चच्या कमानीवर पोप पहिला पास्काल याच्या वेळी, नवव्या शतकाच्या आरंभी, जडविलेल्या चित्रात नगरीचा रत्नखचित तट दिसतो. परंतु त्याहून बोलके चित्र स्पेनमधील आहे. लिएबाना येथील बेआतस या भिक्षूने आठव्या शतकात संकलित केलेल्या भाष्याची जी सचित्र हस्तलिखिते निर्माण झाली, त्यांपैकी मायुस याने दहाव्या शतकाच्या मध्यास रंगविलेली प्रत आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. तीत नगरी वरून पाहिल्याप्रमाणे चौरस दाखविली असून चारही बाजूंचे तट बाहेरच्या दिशेने सपाट उलगडून ठेवले आहेत. प्रत्येक वेशीत एकेक प्रेषित उभा आहे, त्याच्या मस्तकावर त्याचे रत्न वर्तुळाकार रेखाटले आहे, आणि मधल्या चौकटींच्या फरशीवर कोकरा, ग्रंथधारी योहान व मोजणीची काठी घेतलेला देवदूत एवढेच आहेत. घरे नाहीत, मनोरे नाहीत. तट हा माणसांचाच बनलेला आहे, हे मायुसाने एकही शब्द न लिहिता सांगितले.

नगरी बांधून काढण्याचे, किंवा ती उतरली असे जाहीर करण्याचे यत्नही झाले. १५३४ च्या आरंभी जर्मनीतील म्युन्स्टर शहर पुनर्बाप्तिस्मावाद्यांच्या ताब्यात गेले. यान मातिस व त्याच्यामागून लेडनचा यान यांनी तीच नवी यरुशलेम असल्याची द्वाही फिरविली, मालमत्ता सामाईक केली, बहुपत्नीत्व सक्तीने लादले, विरोधकांना देहदंड दिला, आणि जून १५३५ मध्ये वेढा घालून बसलेल्या बिशपच्या फौजेने शहर सर करून भयंकर सूड उगविला. पुढाऱ्यांची प्रेते ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली ते पिंजरे संत लाम्बर्टच्या चर्चवर आजही आहेत. याच्या अगदी उलट टोकाला अठराव्या शतकातील स्वीडिश विद्वान स्वेडेनबोर्ग याचे मत आहे. त्याच्या दृष्टीने नगरी म्हणजे नवीन धर्मसिद्धान्त, आणि वेशी, तट व पाये म्हणजे त्या सिद्धान्ताची अंगे. एकाने नगरी वेशीच्या आत कोंडली, दुसऱ्याने ती पोथीत विरघळविली. एकोणिसाव्या शतकात डार्बी व त्याच्यानंतर १९०९ सालचे स्कोफील्डचे टिपांसहित बायबल यांनी अक्षरार्थाची परंपरा इंग्रजी भाषिक जगात पुनः प्रतिष्ठित केली, आणि त्या परंपरेतील काही लेखक सहस्र वर्षांच्या राज्यात ही घनाकार नगरी पृथ्वीच्या वर अधांतरी राहील अशीही मांडणी करतात.

आता मोजमापांकडे पाहू. एक स्तादिया सुमारे १८५ मीटर धरल्यास नगरीची प्रत्येक बाजू सुमारे २,२०० किलोमीटर होते, आणि उंचीही तितकीच. तट मात्र एकशे चव्वेचाळीस हात, म्हणजे साधारण ६५ मीटर. ती त्याची उंची की जाडी हेही मूळ लेखात स्पष्ट नाही. दोन हजार किलोमीटर उंचीच्या नगरीस पासष्ट मीटरांचा तट हे प्रमाण कोणत्याही गवंड्यास पटणार नाही, परंतु बारा गुणिले बारा हा हिशेब मनात ठेवला की अडचण राहत नाही. घनाकृतीला बारा कडा असतात. प्रत्येकी बारा हजार धरल्यास बेरीज एक लक्ष चव्वेचाळीस हजार येते, आणि तीच संख्या सातव्या अध्यायात शिक्का मारलेल्या देवसेवकांची आहे. नगरीची मोजणी म्हणजे प्रजेचीच शिरगणती होय.

परंतु घनच का? याचे उत्तर जुन्या करारात आहे. शलमोनाने बांधलेल्या मंदिराचे परमपवित्रस्थान वीस हात लांब, वीस हात रुंद व वीस हात उंच होते, आणि त्यात वर्षातून एकदाच, एकट्या प्रमुख याजकाला प्रवेश असे. त्याच्या उरपटावर बारा वंशांची बारा रत्ने असत व कपाळावरील सुवर्णपट्टीवर देवाचे नाव कोरलेले असे. आता पुन्हा दर्शनाकडे वळले तर दिसते की सारी नगरीच घनाकार आहे, रत्ने तिच्या पायांत आहेत, आणि देवाचे नाव तिच्या प्रत्येक रहिवाशाच्या कपाळावर आहे. जो प्रवेश एका घराण्यातील एका पुरुषाचा राखीव हक्क होता, तो येथे सर्वांची वहिवाट झाला आहे. मंदिर नाही असे जे सांगितले त्याचे कारण हेच: जेथे सर्वच परमपवित्रस्थान, तेथे वेगळ्या गाभाऱ्याला जागा उरत नाही. माझ्या मते या संपूर्ण दर्शनाचा गाभा हाच आहे.

योहानाने पूर्वीच्या संदेष्ट्यांचे साहित्य जेथे बदलले तेथे विशेष लक्ष द्यावे. बाबेलच्या हद्दपारीत असताना यहेज्केलाने जे दर्शन लिहिले, त्यात मंदिराची मोजणी कित्येक अध्याय चालते, पूर्वेचे दार बंद ठेवण्याची आज्ञा आहे, आणि मंदिराच्या उंबऱ्याखालून निघणाऱ्या नदीकाठच्या झाडांची पाने औषधी आहेत. योहानाने बारा वेशी घेतल्या, नदी घेतली, पाने घेतली. मंदिर वगळले, दारे उघडी केली, आणि पानांचा गुण राष्ट्रांसाठी आहे असे जोडले. यशयाच्या साठाव्या अध्यायातही वेशी रात्रंदिवस उघड्या आहेत, परंतु तेथे राजे शरणागतांप्रमाणे आणले जातात व राष्ट्रांची संपत्ती खंडणीसारखी आत येते. योहानाच्या नगरीत राजे आपले वैभव आपण होऊन घेऊन येतात. समुद्र नाहीसा होणे हीही अशीच अर्थपूर्ण उणीव आहे, कारण या ग्रंथात श्वापद समुद्रातूनच वर येते आणि साम्राज्याचा सारा व्यापार समुद्रमार्गेच चालतो.

त्या व्यापाराकडे दुर्लक्ष करणारे कोणतेही भाष्य अपुरे आहे. सतराव्या अध्यायात देवदूत योहानाला अरण्यात नेऊन सात डोंगरांवर बसलेली वेश्या दाखवितो, आणि एकविसाव्यात तशाच शब्दांनी बोलावून पर्वतावरून वधू दाखवितो. पहिली मोठी बाबेल, म्हणजे रोम, दुसरी नवी यरुशलेम. अठराव्या अध्यायात बाबेलच्या बाजारातील मालाची जी फेरिस्त आहे तीत सोने, रत्ने व मोती यांच्यापासून आरंभ होऊन हस्तिदंत, दालचिनी, गहू, गुरे असे करीत शेवट मनुष्यांच्या विक्रीवर होतो. त्या काळी मोती व वैडूर्य यांचा मोठा पुरवठा हिंदुस्थानाकडून होत असे. वैडूर्य हिंदुस्थानाबाहेर क्वचितच सापडते असे प्लिनीने लिहिले आहे. हेच सोने व हेच मोती नव्या नगरीतही आहेत, परंतु कोणाच्या गळ्यात नव्हेत: मोती वेस झाला आहे व सोने सर्वांच्या पायांखालचा रस्ता. रत्नांना केवळ सद्गुणांची चिन्हे मानणाऱ्यांच्या हातून हा अर्थ निसटतो, आणि त्यांना खनिजे मानणाऱ्यांच्या हातूनही.

विसाव्या शतकातील चिकित्सेने दोन प्रश्न पुढे आणले. पहिला असा की एकोणिसाव्या अध्यायात पृथ्वीचे राजे व त्यांच्या सेना नाश पावतात, मग एकविसाव्यात राजे व राष्ट्रे येतात कोठून? आर. एच. चार्ल्स यांनी १९२० सालच्या आपल्या भाष्यात, लेखकाच्या मृत्यूनंतर कोणा अजाण संपादकाने मजकुराची उलटापालट केली असे मानून वचनांचा क्रमच बदलला. त्यांचे पांडित्य अगाध होते. तरीही ज्या क्रमाला एकाही हस्तलिखिताचा आधार नाही तो स्वीकारण्यापेक्षा ग्रंथातील ताण तसाच राहू देणे मला अधिक प्रामाणिक वाटते. नगरीत अपवित्र काही शिरणार नाही हा इशारा रोमी वैभवाशी तडजोड करू पाहणाऱ्या मंडळ्यांना आहे, आणि उघड्या वेशींचे वचन राष्ट्रांना आहे. दोहोंची कामे निराळी आहेत. दुसरा प्रश्न नगरी म्हणजे स्थान की लोक, हा. रॉबर्ट गंड्री यांनी १९८७ मध्ये ती लोकच आहे, लोकांच्या राहण्याची जागा नव्हे, असे आग्रहाने मांडले. रिचर्ड बॉकम यांनी १९९३ मध्ये ती स्थान, लोक व देवाचे सान्निध्य या तिन्ही अर्थांनी वाचली. वधू दाखवितो असे म्हणून देवदूत नगरी दाखवितो, यावरून गंड्रींचा पक्ष बळकट दिसतो खरा. परंतु नदी, झाड व रस्ता यांना केवळ लोकसमूहाची रूपे म्हणणे ओढूनताणून आणल्यासारखे होते, आणि ज्यांचे शहर जळाले किंवा भूकंपात पडले त्यांना राहण्याची जागा ही गौण गोष्ट नव्हती. म्हणून मी बॉकम यांच्या बाजूचा आहे.

आणखी एक गोष्ट अक्षरवादी व आध्यात्मिक अर्थ लावणारे, दोघांच्याही नजरेतून बहुधा सुटते. या दर्शनात माणसे वर जात नाहीत. नगरी खाली येते. बायबलचा आरंभ बागेत आहे आणि त्यातील पहिले नगर बांधतो तो बंधुघातकी काइन. तरीही शेवटी देव माणसांना केवळ बाग परत देत नाही, तर त्यांनीच शोधून काढलेले नगर स्वीकारून त्याच्या मध्यभागी बागेतील झाड लावतो. याला एकट्या आत्म्याची मुक्ती म्हणणे म्हणजे वेशी, रस्ते व राष्ट्रे यांनी गजबजलेल्या चित्रातून समाजच पुसून टाकणे होय, आणि ओरिगेनाविषयी कितीही आदर बाळगला तरी या मुद्द्यावर त्याचा पक्ष स्वीकारता येत नाही.

मराठी वाचकास एक विनंती. या दोन अध्यायांवरचे कोणतेही भाष्य हाती घेण्यापूर्वी यहेज्केलाचे चाळीस ते अठ्ठेचाळीस हे अध्याय, यशयाचा साठावा, आणि प्रकटीकरणाचेच सतरावा व अठरावा हे अध्याय ओळीने वाचावेत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सिद्ध केलेल्या भाषांतरासह संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध आहे, आणि एवढे वाचन एका संध्याकाळी होण्यासारखे आहे.